फाट्यावरची पहिली दहा मिनिटं

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. आणि हो, इअरफोन लावून बाइक चालवत ऐकत असाल, तर आधी गाडी बाजूला घ्या. आजचा विषय ऐकता ऐकता तुम्हीच आजचा विषय व्हायला नको.

विषय आहे प्रथमोपचार. कापलं, भाजलं, पडलं, चावलं, तर डॉक्टरपर्यंत पोहोचायच्या आधी काय करायचं. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे औषधांची नावं, डोस वगैरे मी सांगणार नाही. पण प्रथमोपचारात औषध जवळपास नसतंच. पाणी, स्वच्छ फडकं, दोन हात आणि एक फोन, एवढ्यावर बरंच काही होतं. अडचण वेगळीच आहे. आपले हात भलत्याच गोष्टीकडे धावतात.

ज्यांना कापूरहोळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की साधारण ३५-४० किलोमीटरवर हे गाव लागतं. एक रस्ता भोरला वळतो, दुसऱ्या बाजूने बालाजी, नारायणपूर करत सासवडकडे जाता येतं. संभाजी महाराजांना ज्यांनी दूध पाजलं त्या धाराऊ गाडे याच गावच्या. बहुतेकांना मात्र कापूरहोळ आठवतं ते 'बालाजीला जायचं वळण' म्हणून.

आता या भागात माणसाला काय काय लागतं ते बघा. हायवे दारातून जातो. कागदावर तो आता राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, पण लोकांच्या तोंडी अजून एनएच फोरच. त्यावर बाइकवाले घसरतात. आत भोरकडे गेलात की भातशेती, विळे, कडबाकुट्टी, साप, विंचू. आणि नसरापूरवरून वेल्ह्याकडे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात गेलात की राजगड, तोरणा आणि शनिवार-रविवारी पाय मुरगळून बसलेले ट्रेकर. यातलं काहीही झालं तर भोरचं उपजिल्हा रुग्णालय फाट्यापासून १३-१४ किलोमीटर. ससूनला जायचं तर पुणं, वर ट्रॅफिक. वेल्ह्याच्या आतल्या वाडीवर असाल तर याहून लांब. म्हणजे डॉक्टरचा हात लागेपर्यंत जो वेळ जातो, तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या ताब्यात असतो. तो माणूस बऱ्याचदा विशी-पंचविशीतला असतो आणि त्याच्या हातात फोन असतो. म्हणून हा भाग.

रक्तापासून सुरू करू.

शेतात विळा लागला की आपल्याकडे पहिली गोष्ट काय? दगडीपाला चुरगाळून लावायचा. घरात असाल तर हळद. ते नसेल तर चहापूड, चुना, तंबाखू. मी या गोष्टींची टिंगल करणार नाही, कारण पाला लावून रक्त थांबलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण एक लक्षात घ्या. पाला लावताना आपण काय करतो? जखम दाबून धरतो. रक्त थांबायला तो दाबच पुरतो. पाल्याबरोबर माती जाते, डब्यातल्या हळदीबरोबर डब्यातलं सगळं जातं. मग दवाखान्यात डॉक्टरला आधी ती पिवळी चिकट पेस्ट खरवडून काढावी लागते, तेव्हा कुठे जखम किती खोल आहे ते दिसतं. ते खरवडणं सहन कोणाला करावं लागतं? ज्याला लागलंय त्याला.

तर नुसता दाब द्या. स्वच्छ रुमाल, ओढणी, धुतलेला टॉवेल, जे असेल ते जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबायचं. किती वेळ? पूर्ण दहा मिनिटं. फोनवर टायमर लावा, कारण अशा वेळी दहा मिनिटं म्हणजे तासभर वाटतो आणि दर अर्ध्या मिनिटाला 'थांबलं का बघू' म्हणून फडकं उचललं जातं. तिथेच घोळ होतो. रक्त गोठून जी गुठळी धरायला लागलेली असते, ती फडक्याबरोबर निघून येते आणि मोजणी परत शून्यापासून सुरू. फडकं भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा, दाब आणखी वाढवा, पण खालचं ओढू नका.

जखमेत काच, लोखंडाचा तुकडा, काडी खोल घुसली असेल तर उपसायची नाही. बाटलीचं बूच काढल्यासारखं होतं ते. तिच्या दोन्ही बाजूंनी कापड लावून दाबा आणि तशीच घेऊन जा.

हाताच्या-पायाच्या वर घट्ट दोरी बांधणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. हात किंवा पाय चेंगरलाय, रक्ताची धार लागलीय आणि दाबूनही थांबत नाही, जीव जाईल अशी वेळ आहे, तरच. तेव्हासुद्धा सुतळी किंवा वायर नको. चार बोटं रुंद पट्टी, जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा, अगदी त्या माणसाच्या कपाळावर पेनाने लिहिली तरी चालेल. एकदा बांधलेलं डॉक्टरशिवाय कोणी सोडायचं नाही.

आता कडबाकुट्टी. गोठा असलेल्या घरात हे यंत्र असतंच आणि त्यात बोट जाण्याचे प्रकार घडतात. बोट तुटलं तर दोन कामं एकाच वेळी करायची असतात. एक जण जखमेवर दाब देईल. दुसऱ्याने ते बोट शोधायचं. किळस बाजूला ठेवा. माती असेल तर स्वच्छ पाण्याने हलकंसं धुवायचं, घासायचं नाही. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर कधीही नाही, बर्फाने ते गोठून जळतं आणि मग जोडता येत नाही. बर्फ कुठून आणायचा? फाट्यावरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून. आणि निघतानाच फोन करून विचारा की बोट जोडणारे सर्जन कुठे आहेत. नाहीतर तीन दवाखाने फिरण्यातच वेळ जातो.

एक छोटी गोष्ट, धनुर्वाताची. 'लोखंड गंजलेलं नव्हतं, मग इंजेक्शन कशाला' असं म्हणतात ना? धनुर्वाताचा जंतू गंजात नसतो, तो मातीत आणि शेणात असतो. काट्याने टोचलं तरी तो आत जाऊ शकतो. शेतात, गोठ्यात किंवा रस्त्यावर लागलं असेल तर शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

भाजणं. तरुण पोरांचं सगळ्यात नेहमीचं भाजणं कुठलं? बाइकच्या सायलेन्सरचं. पोटरीला आतल्या बाजूने रुपयाएवढा किंवा त्याहून मोठा डाग. त्यावर काय लावतात? टूथपेस्ट. गार वाटतं म्हणून. आणि जिथे पेस्ट नाही तिथे शाई, तूप, बटाट्याचा कीस, बर्फ.

साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बस्स. बोअरचं, नळाचं, टाकीचं, कुठलंही, पण स्वच्छ आणि वाहतं. दोन तांबे ओतून 'झालं' म्हणायचं नाही. कारण असं की चटका बसून गेला तरी कातडीच्या खाली उष्णता राहते आणि आतल्या थरांना भाजत राहते. वरून पेस्ट किंवा तूप थापलं की ती उष्णता आत कोंडते. पाणी ती ओढून घेतं. बर्फ उलट रक्तवाहिन्या आवळतो आणि आधीच दुखावलेल्या कातडीला आणखी दुखावतो. लगेच पाणी मिळालं नाही तर पहिल्या तीन तासांत कधीही धरलं तरी फायदा होतो, म्हणजे 'आता काय उपयोग' असं म्हणून सोडून देऊ नका.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ, जोडवी काढून घ्या, सूज आली की निघत नाहीत. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढायचा नाही, बाजूने कापायचा. फोड फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ, कापूस न निघणारं कापड किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म सैल ठेवा. स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं भाजलं असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, लघवीची जागा असेल, लहान मूल असेल, विजेचा झटका असेल, तर घरी उपाय नाही, सरळ दवाखाना. विजेच्या बाबतीत आधी मेन स्विच बंद, मग माणसाला हात. वाक्याचा क्रम लक्षात ठेवा.

आता दोन गोष्टी भराभर सांगून पुढे जातो. घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आलं, की डोकं मागे करून कांदा हुंगवायचा ही आपली पद्धत. डोकं मागे केलं की रक्त घशात जातं, पोटात जातं, मग उलटी होते आणि घरचे आणखी घाबरतात. पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरा, तोंडाने श्वास. टायमर इथेही. अर्ध्या तासात थांबलं नाही किंवा डोक्याला मार लागून आलं असेल तर डॉक्टर.

आणि मुरगळणं. राजगड उतरताना पाय मुरगळला की ग्रुपमधला कोणीतरी हौशी पुढे होतो आणि 'थांब, मी बसवतो' म्हणतो. त्याला लांब ठेवा. चोळायचं नाही, ओढायचं नाही, पहिले दोन दिवस शेकायचंही नाही. ओला गार कपडा, क्रेप बँडेज, पाय उंच. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवल्यावर किंकाळी निघत असेल, तर फ्रॅक्चर समजूनच चाला. आधाराला पुठ्ठा, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, छत्री, ट्रेकिंगची काठी चालते. जसा आहे तसाच बांधा, सरळ करायला जाऊ नका. बांधल्यावर बोटं गार, निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी सैल करा.

आता हायवे. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे प्रश्न फक्त माहितीचा नाही, भीतीचा आहे. 'पोलीस मागे लागतील', 'कोर्टात हेलपाटे', 'हॉस्पिटलवाले पैसे मागतील'. म्हणून गर्दी जमते, व्हिडिओ निघतात आणि हात कोणी लावत नाही.

तर कायदा ऐका. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले. नंतर २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करताना जखमीला काही झालं तरी तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला नाही. नाव सांगायचं की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं. आणि डॉक्टरांवर तर १९८९ पासून, परमानंद कटारा खटल्याच्या निकालापासून, आधी उपचार मग कागदपत्रं हे बंधन आहे. हे चार वाक्यांत मित्रांच्या ग्रुपवर टाकलंत तरी चालेल.

प्रत्यक्ष रस्त्यावर आधी स्वतःला वाचवा. हायवेवर मदतीला धावलेल्या माणसाला मागून येणारा ट्रक उडवू शकतो. तुमची गाडी मागे उभी करून चारही इंडिकेटर लावा, एकाला सुरक्षित अंतरावर मागे उभं करून गाड्यांना हात दाखवायला सांगा. मग १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. ११२ आहे, हायवेसाठी १०३३ आहे. फोन स्पीकरवर ठेवा म्हणजे हात मोकळे राहतात आणि पलीकडून सूचना ऐकू येतात. पत्ता सांगताना 'हॉटेलच्या जवळ' असं नाही. गाडी पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की साताऱ्याकडे, हे आधी सांगा. मधल्या दुभाजकामुळे चुकीच्या बाजूला आलेल्या रुग्णवाहिकेला वळून यायला वेळ लागतो. मग रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा.

पडलेल्याला उचलून बसवणं आणि पाणी पाजणं, या दोन गोष्टी आपण प्रेमापोटी करतो. दोन्ही नकोत. मानेचा मणका दुखावला असेल तर उचलून बसवण्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं. शुद्धीत असला तरी ऑपरेशन लागू शकतं, म्हणून फक्त ओठ ओले करा. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेटही ओढून काढू नका, काच वर करा. गाडी पेट घेण्याचा धोका असेल तरच हलवा, तेही तीन-चार जणांनी डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, आणि उलटी किंवा रक्ताने घुसमटतोय, तर डोकं-मान धरून सगळं अंग एकदम कुशीवर करा. श्वास मोजणं आणि मणका सांभाळणं यात भांडण झालं तर श्वास जिंकतो. श्वासच नाही, हाक मारून हालचाल नाही, तर छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. आळीपाळीने करा, दोन मिनिटांत दमायला होतं. हे मात्र ऐकून येत नाही, कुठल्या तरी शिबिरात पुतळ्यावर एकदा करून बघाच.

आता साप-विंचू, म्हणजे लावणीचे आणि कापणीचे दिवस.

भोरवरून वरंधा घाट उतरलात की महाड. त्या महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आयुष्य विंचूदंशावर घालवलं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जात होती. त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं, १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सांगण्याचं कारण असं की विंचवावर वेळेत दिलं तर काम करणारं औषध आहे. नुसतं दुखत असेल तर गार पट्टी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, धाप यातलं काहीही दिसलं तर एक मिनिटही विंचू उतरवण्यात घालवू नका, लहान मूल असेल तर तर नाहीच.

आता साप. चार नावं पाठ करा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकीचे बहुतेक बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. मांत्रिकाचं यश इथून येतं. दहातले बरेच जण तसेही वाचणारच असतात, श्रेय मंत्राला जातं. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह. पण ज्याच्या अंगात खरंच विष गेलंय त्याचे दोन तास तिथे जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

घट्ट बांधू नका. चिरा देऊ नका. तोंडाने ओढू नका. घट्ट बांधलेल्या पायात विष एकाच जागी साठून तिथलं मांस सडू शकतं, आणि सोडल्यावर सगळं एकदम वर येतं. त्याऐवजी माणसाला आडवं करा, जोडवी-अंगठ्या काढा, पायाला फ्रॅक्चरसारखा आधार द्या, चालवू नका आणि निघा. बाइकवर न्यायची वेळ आली तर मध्ये बसवून मागे एक जण धरायला. साप मारून सोबत आणायची गरज नाही, त्या नादात दुसरा दंश होतो. प्रतिविष चारही सापांवर एकच असतं, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळतं. डॉक्टरला सापापेक्षा दंशाची वेळ आणि लक्षणं हवी असतात.

मण्यारीबद्दल वेगळं सांगतो. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत जवळपास नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं जेवण बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी उचलत नसतील तर साप दिसला नसला तरी सरळ रुग्णालय गाठा. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी यांनी हा धोका खूप कमी होतो.

कुत्रं चावलं तर मिरचीपूड, चुना नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, ओरखडा असला तरीही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास नसतो, म्हणून 'कुत्रं ओळखीचं आहे, दोन दिवस बघू' हे चालत नाही. सगळे डोस पूर्ण करायचे.

शेवटी गाडीच्या डिकीत काय ठेवायचं. एक क्रेप बँडेज, गॉजचे चार-पाच पुडे, चिकटपट्टी, कात्री, हातमोज्यांचे दोन जोड, साबणाची छोटी वडी, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, एक पेन. औषधं नकोत, डिकीत तापून खराब होतात. आणि फोनच्या लॉक स्क्रीनवर घरच्यांचा नंबर आणि रक्तगट आत्ताच टाकून ठेवा. हा भाग पॉज करून टाका, मी थांबतो.

टाकलात? चला, भेटू पुढच्या रविवारी.